तेहतीस कोटींचं कोडं

वरसे गावातल्या घरी एक जुनं पॉवरपीसी मशीन अजून चालतं. डेबियनने २०१७ मध्ये ही ३२-बिट जात अधिकृत यादीतून वगळली, तरी मी त्यावर पोस्टग्रेस १३ हा डेटाबेस चालवत होतो. यंदा कुंडलिका नदी भरून वाहत होती आणि लाइटचा लपंडाव चालू होता, तेव्हा ठरवलं की डेटा नव्या इंटेल मशीनवर हलवायचा आणि तिथूनच १७ वर जायचं. अख्खी डिरेक्टरी कॉपी करून सर्व्हर सुरू केला. तो उठला नाही, पण आडवा होताना जे बोलला ते मी तीनदा वाचलं.

आधी ‘फेटल’: डेटाबेसच्या फाइली या सर्व्हरशी जुळत नाहीत. शेवटी पूर्णविरामही नाही. पोस्टग्रेसची शिस्तच तशी. पूर्ण वाक्यांचा मान डीटेल आणि हिंटला.

गंमत डीटेलमध्ये आहे. डेटाचं कंट्रोल व्हर्जन म्हणे ३३५८७२०००, सर्व्हरचं १३००. तेहतीस कोटी! आपल्याकडे एवढे देव असतात, व्हर्जन नव्हे. पण शेजारी कंसात हेच आकडे हेक्समध्ये आहेत: १४०५०००० आणि ०००००५१४. दशमानात एकमेकांचे कुणीच न लागणारे दोघे इथे सख्खे भाऊ निघतात. बाइट तेच चार. पॉवरपीसीने ते थोरल्याकडून मांडले, इंटेलने धाकट्याकडून वाचले. मराठी माणसाला याचं नवल कशाला? २३ लिहिताना दोन आधी, म्हणताना ‘तेवीस’, म्हणजे तीन आधी. शिलालेखात शब्दांत गुंफलेला शक उलगडतानाही पहिला शब्द एककाचाच धरायचा. तो कंस घालणाऱ्याला माझी मनापासून दाद.

मग हिंट: बाइटांचा क्रम जुळत नसावा. हा ‘नसावा’ फार तोलून आलाय. फाइलीतल्या आकड्याला ६५,५३६ ने निःशेष भाग गेला, तरच प्रोग्राम ही शंका बोलून दाखवतो. पुरावा हाती असूनही सूर शंकेचाच, हे मला भावलं.

शेवटचं वाक्य मात्र खटकतं: इनिटडीबी करावं लागेलसं दिसतं. नवं घर बांधा म्हणायचं आणि जुन्यातलं सामान कसं आणायचं याबद्दल अवाक्षर नाही! ते पीजी-डंपऑलने आणलं. जुन्या मशीननेच सगळं साध्या मजकुरात उतरवून दिलं. रात्री दीडला नव्या मशीनवर शेवटचं टेबल भरलं, तेव्हा लाइट पुन्हा गेली होती आणि यूपीएस टूं टूं करत होता.