परित्यक्त मनोरुग्णालयांची छायाचित्रे आणि करुणरस

अमेरिकेतील बंद पडलेल्या सरकारी मनोरुग्णालयांत हिंडून तेथील ओसाड दालने टिपणारा छायाचित्रणाचा एक स्वतंत्र प्रकार गेल्या काही दशकांत रूढ झाला आहे. भिंतींवरून सुटलेले रंगाचे पोपडे, लांबलचक बोळ, एखादी कलंडलेली खुर्ची आणि फुटक्या तावदानांतून आत येणारा तिरपा प्रकाश ही या प्रकाराची ठराविक सामग्री होय. या चित्रांचे सौंदर्य नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्यांतून करुणरसाची निष्पत्ती होते असे जे सर्रास गृहीत धरले जाते, ते तपासून पाहणे अवश्य आहे.

प्रथम या वास्तूंचा पूर्वेतिहास ध्यानी घ्यावयास हवा. फिलाडेल्फियाचे वैद्य टॉमस स्टोरी कर्कब्राइड यांनी १८५४ मध्ये मनोरुग्णालयांच्या रचनेविषयी ग्रंथ लिहिला. मध्यभागी कार्यालय आणि दोन्ही अंगांना टप्प्याटप्प्याने मागे सरत जाणाऱ्या कक्षांच्या ओळी, अशी त्यांची योजना होती. प्रत्येक कक्षास उजेड व वारा मिळावा, हा तिचा हेतू. सुयोग्य वास्तू हाच उपचाराचा मोठा भाग, ही त्यामागील श्रद्धा. परंतु त्यांनी घातलेली सुमारे २५० रुग्णांची मर्यादा पुढे पाळली गेली नाही. १९५५ मध्ये देशातील सरकारी मनोरुग्णालयांत सुमारे ५,५९,००० रुग्ण होते. त्याच सुमारास क्लोरप्रोमाझीनसारखी औषधे प्रचारात आली, १९६३ मध्ये सामुदायिक मानसोपचार केंद्रांचा कायदा झाला आणि १९९४ पर्यंत ही संख्या सुमारे ७२,००० वर उतरली. रुग्ण गेले, इमारती मागे राहिल्या.

आता रसविचाराकडे वळू. विभावाचे आलंबन व उद्दीपन असे दोन भेद आपल्या शास्त्रकारांनी मानले आहेत. करुणाच्या बाबतीत शोकास विषय झालेली व्यक्ती हे आलंबन, तर तिच्या भोवतालची परिस्थिती हे उद्दीपन. प्रस्तुत छायाचित्रांत उद्दीपनाची रेलचेल आहे, पण आलंबनाचा पत्ता नाही. शोक कोणाविषयी करावयाचा हेच न कळल्यामुळे प्रेक्षकाचा भाव कोठेही स्थिरावत नाही. तो भयाकडे वा विस्मयाकडे तरी झुकतो, नाही तर ऱ्हासाच्या रम्यतेतच रमतो.

याच्या उलट उदाहरण फिलाडेल्फियाच्या बायबेरी रुग्णालयाचे आहे. सदसद्विवेकाच्या कारणास्तव युद्धसेवा नाकारणाऱ्या चार्ल्स लॉर्ड यांना तेथे परिचारकाचे काम नेमून देण्यात आले होते. त्यांनी गुपचूप घेतलेली, दाटीवाटीने बसलेल्या विवस्त्र रुग्णांची छायाचित्रे मे १९४६ मध्ये ‘लाइफ’ नियतकालिकात आली आणि देशभर खळबळ उडाली. पुढे १९९० मध्ये हे रुग्णालय बंद झाले, २००६ मध्ये पाडले गेले, आणि मधल्या काळात हौशी भटक्यांचे आकर्षण होऊन बसले. ज्या भिंती रुग्ण असताना लाजिरवाण्या ठरल्या, त्याच रुग्ण गेल्यावर प्रेक्षणीय ठरल्या!

येथे असा आक्षेप संभवतो की, लॉर्ड यांच्या चित्रांतील रुग्णांची संमती कोणी घेतली होती? रिकामी दालने निदान कोणाची अप्रतिष्ठा तरी करीत नाहीत. आक्षेप रास्त आहे. परंतु माणूस दाखविल्यावाचून आलंबन उभे राहत नाही, असे मात्र नव्हे. क्रिस्टोफर पेन यांचा ‘असायलम’ (२००९) हा ग्रंथ याची साक्ष देतो. शिक्षणाने वास्तुविशारद असलेल्या पेन यांनी २००२ ते २००८ या काळात ३० राज्यांतील ७० संस्था पाहिल्या. त्यांच्या ग्रंथातील बोळांची व दालनांची चित्रे रूढ साच्यातीलच वाटतात. पण हडसन रिव्हर रुग्णालयातील, ओळीने टांगलेले रुग्णांचे दात घासण्याचे ब्रश पाहताच दृष्टी थबकते. तीच गोष्ट ऑरेगॉनमधील सेलम येथल्या तांब्याच्या डब्यांची. त्यांत आहे ती, जिच्यावर हक्क सांगण्यास कोणीही आले नाही अशी रुग्णांची रक्षा. ग्रंथास ऑलिव्हर सॅक्स यांनी निबंध जोडला असून, अशा संस्थांनी कित्येकांना खरोखरीचा आश्रय दिला, हेही ते लक्षात आणून देतात. केवळ भीतिदायक अवशेष पाहणाऱ्यास ही दुसरी बाजू दिसत नाही.

न्यूयॉर्क राज्यातील विलर्डचे रुग्णालय १९९५ मध्ये बंद झाले तेव्हा माळ्यावर रुग्णांच्या सुमारे ४०० पेट्या सापडल्या. जॉन क्रिस्पिन यांनी त्या उघडून आतील वस्तूंसह टिपल्या आहेत. गोपनीयतेच्या नियमांमुळे पेटीच्या धन्याचे आडनाव मात्र प्रकट करता आले नाही. ज्या नियमाने रुग्णाची अब्रू राखावयाची, तोच त्याला मरणोत्तरही अनामिक ठेवतो. हा पेच छायाचित्रकाराच्या हातून सुटणारा नाही. तथापि तो प्रेक्षकापुढे उभा राहतो, हेच या चित्रांचे मोल होय.

तात्पर्य, या प्रकाराच्या समीक्षकाने प्रकाश व रचना यांची वाखाणणी करण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारावा : या खोलीत कोण राहत होते, याची जाणीव हे चित्र देते काय? देत नसेल, तर ते पडक्या घराचे सुंदर चित्र म्हणून खुशाल नावाजावे. त्यास करुण म्हणू नये.