स्टाफरूममधली जात : ‘अंतःस्फोट’ पुन्हा वाचताना

दलित आत्मकथनांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या लेखनात शाळेचा उंबरठा वारंवार येतो. वर्गाबाहेर बसवलेले मूल, वरून ओतलेले पाणी, हजेरीच्या वेळी उच्चारली गेलेली जात. या मुलांपैकी काहीजण पुढे शिकले आणि शिक्षणसंस्थांतच नोकरीला लागले. ते विद्यार्थी असेपर्यंत हळहळणारी आपली समीक्षा त्यांना नेमणूकपत्र मिळाले की पुस्तक मिटते. जणू साठा उत्तरांची कहाणी तिथे सुफळ संपूर्ण झाली. माझ्या मते संस्थेचा खरा चेहरा दिसू लागतो तो त्यापुढच्या पानांत, आणि ती पाने आपण पुरेशी वाचलेली नाहीत.

यासंबंधीची एक ठळक नोंद मुंबईतली, १९१८ सालची आहे. नोव्हेंबरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. नेमणूक तात्पुरती, पगार दरमहा ४५० रुपये. धनंजय कीरांनी चरित्रात लिहिले आहे, की आरंभी विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे फारसे लक्ष दिले नाही, पण पुढे दुसऱ्या कॉलेजांतले विद्यार्थीही त्यांची व्याख्याने ऐकायला येऊ लागले. त्याच कॉलेजात प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातले पाणी त्यांनी पिण्याला काही गुजराती सहकाऱ्यांनी हरकत घेतली. कोलंबियाची पदवी वर्गात पुरेशी ठरली, माठापाशी ठरली नाही. बाकांवर बसलेल्यांनी जी गुणवत्ता ओळखली, ती शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्यांना ओळखायची नव्हती. मार्च १९२० मध्ये बाबासाहेबांनी ती नोकरी सोडली आणि अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी ते लंडनला गेले.

माठ निदान दिसतो. त्याच्यावर बोट ठेवता येते. पुढच्या काळात जात कागदांत शिरली, आणि त्या टप्प्याचा फार मोलाचा दस्तऐवज म्हणजे कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ (१९८१). नागपूरच्या महार कुटुंबातली ही मुलगी संस्कृत घेऊन एम.ए. झाली. शाळेत तिला गोखले गुरुजी भेटले. ते आपल्याला संस्कृत शिकवणार नाहीत अशी तिला धास्ती होती, पण त्यांनी मायेने शिकवले. पुढे मात्र नोकरीसाठीच्या मुलाखतींत आता हे लोकही संस्कृत शिकवणार का, असा छद्मी सूर तिला ऐकावा लागला. पदवी होती, गुण होते, नोकरी नव्हती. मग आंतरजातीय विवाह झाला, सोमकुंवरच्या जागी पावडे हे आडनाव आले, आणि सरकारी महाविद्यालयात संस्कृतच्या साहाय्यक अधिव्याख्यात्याची जागा मिळाली. त्या नोकरीचे श्रेय सोमकुंवरला नसून पावडे या नावाला आहे, असा निष्कर्ष लेखिका स्वतःच काढते. अर्जदार तीच, पदवी तीच. बदलले होते फक्त आडनाव. प्रयोगशाळेतही इतका स्वच्छ प्रयोग क्वचित होतो.

ब्रिटनमध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या खुनाच्या तपासावर १९९९ साली मॅकफर्सन अहवाल आला. संस्थात्मक वंशवादासाठी कुणी एक खलनायक लागत नाही, हे त्याने लंडनच्या पोलिसांबाबत मांडले. रीतिरिवाज, कामाच्या पद्धती आणि नकळत बाळगलेले पूर्वग्रह मिळून संस्था अन्याय करते. जातीच्या बाबतीत हे समजायला ‘अंतःस्फोट’ पुरेसे आहे. गोखले गुरुजी चांगले होते, म्हणून मुलाखतीची खोली चांगली होत नाही. भल्या व्यक्तीचे उदाहरण देऊन संस्थेची निर्दोष मुक्तता करण्याची आपली सवय या पुस्तकाने केव्हाच खोडून काढली आहे.

मग या पुस्तकाची चर्चा ‘बलुतं’ किंवा ‘उपरा’ यांच्यासारखी का झाली नाही? एक कारण मला त्याच्या भाषेत दिसते. दलित आत्मकथनाकडून आपण बोलीची, रांगडेपणाची, वस्तीच्या वासाची अपेक्षा करत आलो. ‘अंतःस्फोट’ची भाषा प्रमाण, संस्कृतप्रचुर, युक्तिवाद करणारी आहे. सलग जीवनकथेऐवजी तिथे स्वतंत्र लेख आहेत. त्यामुळे ते या प्रकारात नीट बसत नाही, असे वाटून गेले. पण ती भाषा हाच त्यातला पुरावा आहे. ज्या गुणवत्तेवर मुलाखत समितीचा विश्वास बसला नाही, ती पानोपानी समोर उभी आहे. बाई संस्कृत शिकवतील म्हणून समितीने त्यांना अयोग्य मानले, आणि बाई संस्कृतप्रचुर लिहितात म्हणून समीक्षेने त्यांना कमी अस्सल मानले. दोन्हीकडे खुर्चीवर बसलेल्यांनी उमेदवार कसा असावा हे आधीच ठरवले होते.

आजचा टप्पा याहून अवघड आहे, कारण त्यात माठ नाही आणि आडनावाचा उच्चारही नाही. आहे ती बिंदुनामावली. एप्रिल २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने आरक्षणासाठी विद्यापीठाऐवजी विभाग हा घटक धरला, आणि ५ मार्च २०१८ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने तसे पत्र काढले. केंद्रीय नामावलीत इतर मागासवर्गाचा पहिला बिंदू चौथा, अनुसूचित जातीचा सातवा, जमातीचा चौदावा. संस्कृतसारख्या चार-सहा जागांच्या विभागात सातवी पाळी येईपर्यंत एकेकाच्या निवृत्तीची वाट पाहायची. कुणीही कुणाला अपशब्द बोलायची गरज नाही. गणितच काम करते. देशभर आंदोलन झाले, २०१९ च्या केंद्रीय कायद्याने विद्यापीठ हा घटक पुन्हा आणला, आणि २०२१ साली महाराष्ट्रानेही तसा कायदा केला. तरी ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ हा शेरा मारायची सोय उरतेच. २०१२ मध्ये आयोगाने समतेसंबंधी जे विनियम केले, त्यांचाही रोख मुख्यतः विद्यार्थ्यांवरील भेदभावाकडे होता. समीक्षेसारखीच नियमांची नजरही शिक्षकापर्यंत पोहोचायला कचरते.

मी राहतो त्या लोणंदला कांद्याचा मोठा बाजार आहे. माल समोर असतो, बोली मोठ्याने होते, शेतकरी शेजारी उभा असतो. त्यात लबाडी होत नाही असे नाही, पण गोळा कांद्याला गोल्टीचा भाव लावला तर भांडायला जागा असते. याच गावातून तासिका तत्त्वावर शिकवायला जाणारे तरुण मला भेटतात. नेट-सेट झालेले, काही पीएच.डी. आपण कोणत्या निकषावर कमी पडलो हे त्यांना मुलाखतीनंतर कुणी सांगत नाही. पुढच्या वर्षीचे तास हवेत म्हणून तेही विचारत नाहीत. हे मौन हाच आजचा माठ आहे.

सिडनहॅमची नोंद राहिली, कारण पुढे त्या प्राध्यापकाचे चरित्र लिहिले गेले. नागपूरची नोंद राहिली, कारण त्या अधिव्याख्यातीने स्वतः लिहिले. आजच्या शेऱ्यामागची नोंद कोण ठेवणार? जो नोकरीत आहे त्याला बढतीची चिंता, जो बाहेर आहे त्याला तासांची. म्हणून ही जबाबदारी ज्यांची नोकरी यात अडकलेली नाही अशा माझ्यासारख्या हौशी अभ्यासकांवर आणि नियतकालिकांवर येते. त्याची सुरुवात म्हणून ‘अंतःस्फोट’ आत्मकथनांच्या कप्प्यातून काढून विद्यापीठांच्या इतिहासाच्या कप्प्यात ठेवावे. तिथे ते वाचले गेले, की निवड समितीने आपल्या शेऱ्याखाली कारण लिहावे, ही मागणी कुणालाही अवास्तव वाटणार नाही.