शोधयंत्राची मराठी आणि आपली मराठी

कविवर्य चंद्रशेखर कोण हे बडोद्याच्या मराठी माणसाला सांगावे लागत नाही. निदान आमच्या पिढीपर्यंत तरी लागत नव्हते. ते संस्थानचे राजकवी, 'गोदागौरव'चे कर्ते. त्यांच्यावर लिहिताना आपल्याकडील लेखक 'चंद्रशेखरांची प्रतिभा' एवढेच शीर्षक देत आणि वाचक निःशंकपणे पुढे वाचू लागे. आज त्यांच्याविषयी काही हवे असलेला विद्यार्थी संगणकापुढे बसतो, शोधयंत्रात ती पाच अक्षरे टंकतो, आणि त्याच्या पुढ्यात क्रांतिकारक आझाद येतात, माजी पंतप्रधान येतात, नोबेल पारितोषिकाचे मानकरी खगोलभौतिकशास्त्रज्ञ येतात. राजकवींची पाळी येईपर्यंत विद्यार्थ्याचा धीर सुटलेला असतो. यात दोष विद्यार्थ्याचा नाही, आणि यंत्राचाही फारसा नाही.

आंतरजालावर मराठी मजकूर नाही, अशी तक्रार आपण वर्षानुवर्षे करीत आलो. ती आता तशीच्या तशी खरी राहिलेली नाही. मजकूर पुष्कळ आहे; पण त्यातील बराचसा एका चमत्कारिक बोलीत लिहिलेला आहे. कोणा एका लेखकास आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे कारण नाही, म्हणून त्या घाटाचा नमुना मीच रचून देतो. "नमस्कार मित्रांनो, आज आपण हरतालिका व्रत पूजा विधी माहिती मराठी पाहणार आहोत. अनेकांना हरतालिका व्रत पूजा विधी माहिती मराठी हवी असते. तर चला मग, जाणून घेऊया हरतालिका व्रत पूजा विधी माहिती मराठी." ज्यांनी अलीकडे एखादा सण, एखादी वनस्पती किंवा एखादा थोर पुरुष आंतरजालावर शोधला असेल, त्यांना या गद्याची ओळख पटेल.

हे गद्य वाईट आहे एवढे म्हणून समीक्षकाची सुटका होत नाही. ते कशाने वाईट झाले, हे पाहिले पाहिजे. वरच्या नमुन्यात सहा शब्द एकापुढे एक उभे आहेत आणि त्यांच्यामध्ये एकही विभक्तिप्रत्यय नाही. मराठीत नाम वाक्यात शिरते ते आपले रूप बदलून. 'हरतालिका'ची 'हरतालिके' होते, 'व्रत'चे 'व्रता' होते, मग त्याला प्रत्यय जोडला जातो आणि 'हरतालिकेच्या व्रताचा पूजाविधी' असा जिवंत सांधा तयार होतो. सामान्यरूप हे मराठी वाक्याचे बिजागर आहे. शोधशब्द, म्हणजे ज्याला सर्रास कीवर्ड म्हणतात तो, शीर्षकात, पहिल्या परिच्छेदात आणि उपशीर्षकात जसाच्या तसा आला पाहिजे हा दंडक इंग्रजी मार्गदर्शिकांतून आलेला. इंग्रजीत नामाला विभक्तीसाठी फारसे वाकावे लागत नाही. तिथे या दंडकाची किंमत कंटाळा एवढीच. मराठीत तोच दंडक पाळताना बिजागरच काढून टाकावे लागते. म्हणून हे लेखन नुसते रटाळ होत नाही, ते अमराठी होते. त्याचे बरेचसे शब्द संस्कृत आणि मराठी असतात, घडण मात्र कोणत्याच भाषेची नसते.

दुसरा दोष लांबणीचा. पूजेला साहित्य काय लागते, हे विचारणाऱ्याला आधी सणांचे महत्त्व, मग भारतीय संस्कृतीची महती, मग आणखी एकदा प्रस्तावना अशा ओसऱ्या ओलांडाव्या लागतात. वाचक जितका वेळ रेंगाळेल तितक्या जाहिराती त्याच्या दृष्टीस पडतील, हा त्यामागचा हिशेब. कीर्तनकारही पूर्वरंग लांबवतो; पण त्याला समोरचा श्रोता दिसत असतो.

हा मजकूर लिहिणाऱ्यासमोर वाचक नाहीच, यंत्र आहे. गंमत अशी, की ते यंत्रही आजचे नव्हे. शोधयंत्राचे मूळ काम पुस्तकाच्या शेवटी असलेल्या शब्दसूचीचे आहे: कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची अगोदरच नोंद करून ठेवायची. सारखाच शब्द हजारो पानांवर असेल तर आधी कोणते पान दाखवावे, हा खरा पेच. १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी त्याला दिलेले उत्तर आपल्या संशोधकांना परके वाटू नये: ज्या पानाचा संदर्भ इतर वजनदार पाने देतात, ते पान वजनदार. मग खोटे संदर्भ विकत मिळू लागले, शब्दांची भरती होऊ लागली, पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत शोधशब्द लपवण्याचे प्रकारही झाले. गूगलने २००९ मध्ये जाहीर केले, की पानाच्या पोटात लपवलेली शोधशब्दांची यादी क्रमवारीसाठी आपण विचारातच घेत नाही. २०११ मध्ये पोकळ मजकुराची पाने खाली ढकलणारा मोठा बदल झाला, २०१२ मध्ये बनावट दुव्यांविरुद्ध दुसरा. मार्च २०२४ मध्ये केवळ क्रमवारीसाठी घाऊक प्रमाणात पाडलेला मजकूर, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने, नियमबाह्य ठरवण्यात आला. तरी आपल्याकडे तीच जुनी कृती शिकवली जाते, शिकवणीचे पैसेही घेतले जातात. असा मजकूर अजूनही वर दिसतो, कारण त्या विषयावर दुसरे पान नसते. स्पर्धेत एकच धावपटू असला तर तो लंगडा असूनही पहिला येतो.

आणि दुसरे पान का नसते, हा प्रश्न आपल्या दिशेने येतो.

आपले लेखन सापडावे म्हणून खटपट करणे हे बाजारी काम, असा एक सूर आपल्या साहित्यसंस्थांत ऐकू येतो. बडोद्याने तरी तो लावू नये. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम ॲलनसन बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालास पाचारण केले, ते काही नवे ग्रंथ लिहून घेण्यासाठी नव्हे. असलेले ग्रंथ वाचकाच्या हाती पडावेत, यासाठी. बॉर्डन यांनी बडोद्यासाठी वर्गीकरणाची पद्धत आखली आणि ग्रंथपालांचा वर्ग चालवला. पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेड्यापाड्यांत जाऊ लागल्या. ग्रंथाची नोंद नीट करणे हा ग्रंथाचा मानच होता.

आपण आपल्या लेखांची नोंद कशी करतो? शीर्षकापासून सुरुवात करू. 'स्मृतिगंध', 'एक दीपस्तंभ', 'मागे वळून पाहताना'. यांतील एकाही शीर्षकावरून लेख कोणाविषयी, कोणत्या गावाविषयी, हे कळत नाही. छापील अंकात ते चालून जाते, कारण अंक उघडणारा पाने चाळतो. आंतरजालावर कोणी चाळत नाही. तिथे वाचक नाव घेऊन दारात उभा राहतो. शोधशब्दांची भरती करणाऱ्या त्या लेखकाचा एक गुण येथे कबूल केला पाहिजे: वाचक कोणत्या शब्दांत विचारील, याचा तो विचार करतो. आपला ललित लेखक तेवढाही करीत नाही.

नावांच्या बाबतीत तर आपण जाणून गूढ. टोपणनाव आणि आद्याक्षरे यांचा मराठी कवींना मोठा सोस. 'बी' या एका अक्षरावरून नारायण मुरलीधर गुप्ते यांच्यापर्यंत कोणते यंत्र पोचणार? ग्वाल्हेरच्या भास्कर रामचंद्र तांबे यांच्यावरील लेखात सुरुवातीपासून अखेरपर्यंत 'तांब्यांची कविता' असे जुन्या वळणाचे, आणि मला स्वतःला आवडणारे, रूप असते. यंत्राला त्यात पाणी पिण्याचे तांबे दिसले तर त्याला हसण्यात अर्थ नाही. उपाय साधा आहे. लेखात एकदा, शक्यतो आरंभीच, कवीचे पूर्ण नाव, जन्म-मृत्यूची वर्षे, गाव आणि प्रमुख कृती यावी. नंतर खुशाल 'तांब्यांची' म्हणावे. चंद्रशेखर शिवराम गोऱ्हे (१८७१–१९३७), बडोदे संस्थानचे राजकवी, एवढ्या एका ओळीने आझादांची आणि पंतप्रधानांची गर्दी पांगते.

पण या नावात आणखी एक पेच दडलेला आहे. 'गोऱ्हे' मधील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो: एक, खाली टिंब असलेल्या ऱ पासून, दुसरा, साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य सांधा देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे. यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरमालिका. मोठी शोधयंत्रे असे भेद पुष्कळदा पोटात घालतात, पण एखाद्या संस्थेच्या स्वतःच्या सूचीतील साधा शोध ते घालीलच असे नाही. 'दुसऱ्या', 'कुऱ्हाड', 'सुऱ्या' या सर्वांना हा नियम लागू. संस्थेने एक पद्धत ठरवून तीच पाळली, तर निम्मे काम होते.

याहून मोठी हानी जुन्या फॉन्टांनी केली. युनिकोड रुळण्यापूर्वी आपले अंक ज्या फॉन्टांत जुळवले गेले, त्यांत मराठी अक्षराचे केवळ चित्र होते. त्याखालचा संकेत रोमन अक्षराचा. तो मजकूर जसाच्या तसा आंतरजालावर चढवला की माणसाला मराठी दिसते आणि यंत्राला निरर्थक रोमन अक्षरांची रास. पाने स्कॅन करून चढवली, तर तो निव्वळ छायाचित्रांचा गठ्ठा. असे अंक 'उपलब्ध आहेत' असे वार्षिक अहवालात लिहिता येते. त्यांतले वाक्य मात्र कोणाला सापडत नाही.

स्थलनामांचा आणि लेखनाचा प्रश्न वेगळा, आणि तिथे माझे मत थोडे कर्मठ आहे. जुन्या लेखात 'बडोदें', 'नांव', 'कांहीं' असे अनुस्वार असतात. १९६२ च्या नियमांनंतर ते गेले. नातवंडे 'वडोदरा' लिहून शोधणार. म्हणून मूळ मजकुराला हात लावावा असे मला वाटत नाही. तो त्या काळाचा दस्तऐवज आहे. त्याच्या माथ्यावर आजच्या लेखनात दोन-तीन वाक्यांचे टिपण द्यावे: लेख कोणाचा, कोणत्या वर्षाचा, कशाविषयी, आणि त्यात 'बडोदे (आजचे वडोदरा)' किंवा 'इंदूर (इंदौर)' असे एकदाच यावे. दहा वेळा आले तर आपणही हरतालिकेच्या वाटेला लागलो.

संदर्भांविषयी थोडेच सांगतो. इंदूरच्या संस्थेने तांब्यांवर लिहावे आणि ग्वाल्हेरच्या लेखाचा दुवा देऊ नये, हैदराबादकरांनी आपली सूची करावी आणि बडोद्याच्या सूचीचा उल्लेख टाळावा, ही अलिप्तता छापील जगात केवळ अरसिकता होती. आंतरजालावर तिच्यामुळे सगळेच खाली जातात.

अलीकडे शोधयंत्रे पानांची यादी देण्याऐवजी स्वतःच उत्तर रचून देऊ लागली आहेत. ते उत्तर मुख्यतः त्यांना वाचता येणाऱ्या मजकुरातूनच निघते. आपला मजकूर त्यांना वाचता आला नाही तर उत्तर थांबत नाही. ते हरतालिकेच्या लेखकाकडून घेतले जाते. उद्या राजकवींविषयी विचारणाऱ्याला जे सांगितले जाईल, ते कोणाच्या मराठीत सांगितले जाईल, हे त्यावर ठरणार आहे.

काम प्रचंड आहे, आणि सगळे अंक पुन्हा टंकून घेण्याइतके हात आपल्याजवळ नाहीत. माझ्या मते आरंभ लेखांपासून नव्हे, छायाचित्रांपासून करावा. जुन्या स्मरणिकांत संमेलनांची समूहचित्रे असतात. खाली बारीक टंकात 'बसलेले, डावीकडून' म्हणून नावे. ती नावे अनेकदा दुसरीकडे कुठेही छापलेली नसतात, आणि स्कॅनमध्ये त्या ओळीवरच शाई सर्वांत पुसट आलेली असते. डोळे चांगले असलेल्यांनी आणि त्या माणसांना ओळखणाऱ्यांनी एकत्र बसून त्या ओळी आधी टंकून घ्याव्यात. ओळखणारे दर वर्षी कमी होत आहेत.