न विकलेला ट्रक

दिवंगत मुलाचा टेम्पो विकावा की अंगणात ठेवावा, असे श्रीरामपूर तालुक्यातील एका माउलीने आम्हांस विचारले, तेव्हा ली ब्राइस या अमेरिकन गायकाचे २०१२ साली आलेले ‘आय ड्राइव्ह युवर ट्रक’ हे गीत आठवले. ‘कंट्री’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तेथील ग्रामीण ढंगाच्या या गीतामागे सत्यघटना आहे. जॅरेड माँटी हा सैनिक २००६ साली अफगाणिस्तानात धारातीर्थी पडला. त्याचा ट्रक न विकता वडील पॉल तो चालवीत राहिले. त्यांची रेडिओवरील मुलाखत ऐकून कॉनी हॅरिंग्टन यांनी दोघा सहकाऱ्यांसह हे गीत रचले.

गीताचे बळ वस्तूंत आहे. राखदाणीतली चिल्लर, मळकी टोपी, अर्धी उरलेली बाटली! एवढ्यावर दुःख उभे राहते. देवाला जाब विचारलेलाही आम्हांस खटकला नाही. स्तोत्रकर्त्यानेही तो विचारलाच आहे.

खटकते ते निराळेच. कबरीपाशी तू भेटत नाहीस, असे म्हणून गीतातला तरुण गाडी रानात पिटाळतो. प्रत्यक्षात पॉल यांनी ट्रक तर चालवलाच, शिवाय मॅसॅच्युसेट्समधील सैनिकी दफनभूमीत कबरींवर झेंडे लावण्यास असलेली मनाई उठावी म्हणून खटपट केली, आणि ती उठली. गीतकारांनी अर्धाच पिता घेतला. २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावणाऱ्या आपल्या घरांना उरलेला अर्धा अधिक ओळखीचा वाटेल.

माउलीला आम्ही अजून उत्तर दिलेले नाही. टेम्पो अंगणातच आहे. हप्ते मात्र थकले आहेत.