प्रश्न मिळाला, उपप्रश्न राहिला

निवडणूक जाहीर झाली की मराठी वृत्तवाहिन्यांना गावांची आठवण येते. परळी–बीड रस्त्यावरच्या सिरसाळ्यासारख्या गावात चौकात कॅमेरा लागतो, गर्दी जमते आणि जनतेचा कौल घेणे सुरू होते. नागरिकाला राजकीय चर्चेत ओढणारा हा प्रकार आज जोरात आहे. पण कार्यक्रम वाढले तसा नागरिकाचा अधिकार वाढला का? नाही.

सुरुवात धीट होती. 1985 मध्ये दूरदर्शनवर ‘जनवाणी’ आला. सूत्रसंचालक विनोद दुआ, समोर केंद्रीय मंत्री आणि त्यांना प्रश्न विचारणारी साधी माणसे. सरकारच्याच वाहिनीवर मंत्री जाब देताना दिसणे ही तेव्हा नवलाई होती. ती फार काळ टिकली नाही.

2007-08 च्या सुमारास झी 24 तास, स्टार माझा, आयबीएन लोकमत या वाहिन्या आल्या. निखिल वागळे यांच्या ‘आजचा सवाल’ने राजकीय वादचर्चा घराघरांत नेली. ‘हो’ की ‘नाही’ ते एसएमएसने कळवा, असे आवाहन वाहिन्या करू लागल्या. पण पीकविम्याचे दुखणे हो-नाहीत मावत नाही. शिवाय कौल देणारे कोण आणि कुठले, याचा पत्ता पडद्यावरच्या टक्केवारीतून लागत नसे.

चावडीवरच्या कार्यक्रमांनी निदान माणसाचा चेहरा आणि त्याची बोली पडद्यावर आणली, हे त्यांचे मोठे श्रेय. स्टुडिओतल्या प्रवक्त्यांच्या गुळगुळीत मराठीपुढे बीडकडचा रोखठोक सूर उठून दिसतो. मात्र जरा बारकाईने पाहा. माइक निवेदकाच्या मुठीत असतो. नागरिकाच्या तोंडापुढे तो एका वाक्यापुरता येतो. पुढच्या जागा कार्यकर्त्यांनी आधीच धरलेल्या असतात. कुणी विम्याचे काढले की मागून घोषणा उठते आणि माइक तिकडे वळतो, कारण गोंधळ पडद्यावर खपतो. बायका कडेला, बहुधा कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर. ऊसतोड मजुरांचे तर विचारूच नका. 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचे मतदान झाले, तेव्हा गळीत हंगाम सुरू झालेला होता. ज्यांच्या नावाने जिल्ह्याचे राजकारण चालते, ते कारखान्यांच्या वाटेवर आणि कौल मात्र त्यांच्या गावाचा!

अहिल्यानगर–बीड–परळी हा 261 किलोमीटरचा रेल्वेमार्ग घ्या. ‘रेल्वे कधी?’ हे या भागाने वर्षानुवर्षे विचारले. 17 सप्टेंबर 2025 ला गाडी बीडपर्यंत आली. आता प्रश्न बीडच्या पुढे परळीपर्यंतच्या टप्प्याचा. काम कुठवर आले, पैसा किती लागणार, तारीख कोणती, आणि ती चुकली तर जबाबदार कोण? एकाच माणसाने हे लागोपाठ विचारले तरच उत्तर देणारा कोंडीत सापडतो. एका वाक्याच्या माइकमध्ये ‘लवकरच’ एवढे उत्तर पुरते.

‘मी मुख्यमंत्री बोलतोय’ या 2017 च्या कार्यक्रमात देवेंद्र फडणवीस लोकांकडून मागवलेल्या प्रश्नांना उत्तरे देत. सत्तेच्या शिखरावरच्या माणसाने समोर येणे स्वागतार्हच. पण निर्मिती सरकारी, त्यामुळे प्रश्नांची निवडही सरकारच्याच हाती. यूट्यूबवर गावोगावी फिरणाऱ्या पत्रकारांनी माणसाला जास्त वेळ दिला, हे मान्य करायला हवे. तरी तिथेही नेता समोर नसतो. बोलणे कॅमेऱ्याशीच होते.

बीबीसीवर 1979 पासून चालणाऱ्या ‘क्वेश्चन टाइम’मध्ये पुढाऱ्याचे उत्तर झाल्यावर सूत्रसंचालक अनेकदा मूळ प्रश्नकर्त्याकडे परत जातो आणि त्याचे समाधान झाले का, हे विचारतो. तो कार्यक्रम निर्दोष नाही, पण ही रीत घेण्यासारखी आहे. बाहेर बघायचीही गरज नाही म्हणा. आपल्या विधिमंडळात तारांकित प्रश्नाला उपप्रश्न विचारता येतो आणि मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या शब्दांचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती आहे. आमदाराला असलेले हे हत्यार दूरचित्रवाणीने मतदाराला कधी दिले नाही.

म्हणून संपादकांना एकच सांगणे: पुढच्या निवडणुकीची वाट पाहू नका. प्रचारात ज्या चौकात शब्द घेतला, तिथेच सहा महिन्यांनी जुने चित्रीकरण घेऊन परत जा, निवडून आलेल्याला बोलवा आणि पहिला प्रश्न त्याच माणसाला विचारू द्या. दुसराही.