‘हुतात्माला प्रयोग आहे’

मंडळी, सोलापुरात रिक्षावाल्याला ‘हुतात्मा’ एवढं सांगितलं की पुरे, तो पार्क चौकात आणून सोडतो. ‘हुतात्माला नाटक आहे’, ‘हुतात्माला गॅदरिंग आहे’ असं आपण सगळेच म्हणतो. हुतात्मा स्मृती मंदिर या नावातली ‘स्मृती’ बोलण्यातून कधीच गळाली. आमची आजची तक्रार याबद्दल आहे, आणि तीत आम्ही परीक्षणं लिहिणारेही आलो.

हुतात्मे कुठले? मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, गोळीबार झाला, काही दिवस इंग्रजांचा अंमल शहरात उरलाच नाही. मग मार्शल लॉ आला. मंगळवार पेठेच्या पोलीस चौकीच्या प्रकरणात या चौघांना गोवलं आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. ही नावं सावकाश वाचा. लिंगायत, मुसलमान, मराठा, मारवाडी. आपलं अर्धं सोलापूर त्यात आलं.

आता सोयी. सोयी म्हटलं की आपण खुर्च्या, एसी, पार्किंग मोजतो. आमच्या परीक्षणांतही शेवटी ‘ध्वनिव्यवस्था ठीक’ एवढंच येतं. पण अहो, या गावात घरी कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारे किती! चौघांची हकीकत या भाषांतूनही दारात वाचायला मिळणं, ही आमच्या लेखी सोयच आहे. विडी वळून संध्याकाळी मोकळी झालेली बाई नाटकाला आली, तर पंधरा मिनिटांच्या मध्यंतरात तिचा नंबर लागतो का? कुठल्याही नाट्यगृहात बायकांची रांग बघा. चहा राहिला बाजूला, तिसरी घंटा होते तरी रांग सरत नाही. साडेनऊचा प्रयोग बाराच्या पुढं सुटला, तर मोहोळ-अक्कलकोटचा माणूस परतणार कशानं? खुर्च्या कितीही मऊ करा, तो तिकीटच काढणार नाही.

आणि ज्या सोयीची कुणी तारीफ करत नाही, ती आगीपासून बचावाची. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ सालचं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. लोक रस्त्यात उभं राहून रडत होते. जुन्या वास्तूचं कौतुक आम्हीही पानं भरभरून केलंय. त्या पानांत वायरिंगबद्दल एक ओळ नसायची.

तेव्हा आम्ही आमच्यापुरतं ठरवलंय. यापुढं प्रयोगाला अर्धा तास आधी जायचं. बाहेर पडायची दारं उघडतात का, चाकाच्या खुर्चीतला माणूस रांगेपर्यंत पोचतो का, हे बघायचं, आणि परीक्षणात नटांच्या आधी लिहायचं. संपादक कापतील, बरं का. कापू देत, पुढच्या वेळी पुन्हा लिहू.