रस्किनचा रोममधला नाताळ

जॉन रस्किन हे नाव मराठी वाचकाच्या कानावर येते ते बहुधा गांधीजींमुळे. १९०४ साली जोहान्सबर्गहून दरबानला जाताना आगगाडीत गांधीजींनी त्याचे 'अन्टू धिस लास्ट' हे पुस्तक वाचले आणि १९०८ मध्ये 'सर्वोदय' या नावाने त्याचा गुजराती सारांश सिद्ध केला. त्या पुस्तकाचे नावच मुळी मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यातून उचललेले आहे. आम्हांला आज लिहावयाचे आहे ते मात्र रस्किनच्या दुसऱ्या एका पुस्तकाविषयी. 'प्रेटेरिटा' हे त्याचे आत्मचरित्र १८८५ ते १८८९ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झाले आणि अपुरेच राहिले. 'प्रेटेरिटा' म्हणजे लॅटिनमध्ये 'होऊन गेलेल्या गोष्टी'.

हे पुस्तक आताच का, असे कोणी विचारील. अलीकडे आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ कुटुंबे नाताळच्या सुटीत युरोपची सहल करून येतात, वृद्ध आईवडिलांनाही सोबत नेतात, ही आनंदाची गोष्ट आहे. परतल्यावर त्यांतले काही हौसेने प्रवासवर्णन लिहितात आणि ते आमच्याकडे वाचावयास येते. त्यांत रोम असते, व्हेनिस असते, थंडी आणि जेवणाचे हाल असतात. आईवडील मात्र छायाचित्रात उभे राहण्यापुरते असतात. आईवडिलांबरोबर केलेला प्रवास हा लिहिण्याजोगा विषय आहे आणि तो भलताच अवघड विषय आहे, हे समजून घ्यावयाचे तर 'प्रेटेरिटा'कडे वळल्यावाचून गत्यंतर नाही.

रस्किनचा जन्म १८१९ चा, लंडनचा. आईवडिलांचा तो एकुलता एक. वडील जॉन जेम्स शेरी या मद्याचे मोठे व्यापारी, सचोटीचे, चित्रांचे आणि काव्याचे वेडे. आई मार्गारेट कडव्या प्रोटेस्टंट वळणाची. मुलाला रोज बायबलचे अध्याय वाचावयास लावी. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत गेले की दुसऱ्या दिवशी पुन्हा उत्पत्ती. रस्किनचे गद्य ज्याने वाचले आहे त्याला या तालमीचे मोल सांगावयास नको. शमुवेलाच्या आईप्रमाणे, हन्नेप्रमाणे, तिने मूल जन्मण्यापूर्वीच ते देवाला वाहिले होते. त्याने धर्मोपदेशक व्हावे ही तिची आस, आणि पुढे तो तसा झाला नाही तेव्हा हा बिशप झाला असता म्हणून वडिलांनी डोळ्यांत पाणी आणले, हे रस्किननेच मिस्कीलपणे नोंदवले आहे. असे घर आम्हांला परके वाटत नाही. नवस आईचा असतो आणि फेडावा मुलाला लागतो, हे आमच्या व्यवसायात नित्य पाहावयास मिळते.

या कडक घरात प्रवासाची खिडक्यादारे उघडली ती मात्र आईनेच. १८३३ साली सॅम्युएल प्राउट या चित्रकाराचा फ्लँडर्स आणि जर्मनीतील नगरांच्या रेखाटनांचा संग्रह वडिलांनी घरी आणला. बापलेक त्यात असे रमून गेले की, मग हे सारे प्रत्यक्षच का पाहू नये, असे आईने सुचवले. त्या वर्षी आईवडील, चौदा वर्षांचा जॉन, त्याची आतेबहीण मेरी आणि जुनी दाई असा परिवार युरोपात उतरला. शाफहाउझेन गावात एका संध्याकाळी गच्चीसारख्या बागेतून त्यांना आल्प्सचे प्रथम दर्शन घडले. ती पाने ज्याने वाचली त्याला रस्किन पुढे निसर्गाचा एवढा मोठा भाष्यकार का झाला हे वेगळे विचारावे लागत नाही.

प्रवासाच्या रीतीचे वर्णन तर या पुस्तकातील सर्वांत रसाळ भाग आहे. भाड्याची घोडागाडी निवडण्याचा सोहळा, तिच्यातील कप्पे आणि खण, उशा, प्रत्येकाची ठरलेली जागा, बदलीचे घोडे. दिवसाला चाळीस-पन्नास मैल, तेही सकाळी अशा बेताने निघून की दुपारी चारच्या जेवणाला मुक्कामी पोहोचावे आणि नंतर उजेड असेतो मुलाला चित्र काढावयास मिळावे. आगगाडीचा रस्किनला मनस्वी तिटकारा होता आणि ही पाने लिहिताना तो तिटकारा त्याच्या लेखणीला धारच देतो. पाच दिवसांत सात शहरे 'करणाऱ्या' आजच्या सहलींच्या आयोजकांनी हे प्रकरण वाचावे, अशी आमची भाबडी सूचना आहे.

मात्र याच ठिकाणी आमचा रस्किनशी मतभेद सुरू होतो. या कुटुंबाला परकी भाषा बोलता येत नव्हती, आणि वाटेत कोणाशी ओळख करून घ्यावी अशी इच्छाही नव्हती. रस्किन याचे समर्थन करतो. आम्ही माणसे जोडावयास नव्हे, डोळ्यांनी पाहावयास गेलो होतो, आणि सहृदय माणसाला मुद्रेवरून जे कळते ते शब्दांवरून कळतेच असे नाही, असा त्याचा युक्तिवाद आहे. वाक्ये देखणी आहेत, पण बंद काचेमागून केलेल्या प्रवासाचे ते समर्थन आहे. हे त्या काचेमागे बसलेल्या माणसाला बहुधा ठाऊक होते. त्याचा पुरावा रोमच्या प्रकरणात आहे.

१८४० च्या प्रवासाचे कारण सहलीचे नव्हते. वडिलांचे स्पॅनिश भागीदार पेद्रो दोमेक यांची कन्या आदेल हिच्यावर जॉन किशोरवयापासून भाळला होता. ती कॅथलिक. मार्गारेटबाईंना या सोयरिकीची कल्पनाही सहन होण्यासारखी नव्हती. तिकडूनही प्रतिसाद नव्हताच. मार्च १८४० मध्ये आदेलचा विवाह झाला. पुढे काही आठवड्यांत ऑक्सफर्डला शिकत असलेल्या जॉनला खोकल्यातून रक्त पडले. अभ्यास सुटला. हिवाळा उबदार देशात काढावा असे ठरून पंचावन्न वर्षांचे वडील आणि एकोणसाठ वर्षांची आई एकवीस वर्षांच्या मुलाला घेऊन सप्टेंबरात निघाली, ती जवळजवळ दहा महिन्यांनी परतली. व्यापारी माणसाने दहा महिने पेढी सोडून राहणे म्हणजे काय, हे व्यापारात पडलेल्या आमच्या वाचकांना सांगावयास नको.

नोव्हेंबरअखेर हे कुटुंब रोमला पोहोचले आणि नाताळ त्यांनी तेथेच केला. पोप सोळावे ग्रेगरी यांचा तो काळ. आगमनकाळात आब्रुझ्झीच्या डोंगरांतून मेंढपाळ खाली उतरत आणि मरियामातेच्या रस्त्यावरील मूर्तींपुढे पावा आणि चामडी पिशवीचे वाद्य वाजवीत. सांता मारिया मॅज्जोरे मंदिरात, जेथे गव्हाणीच्या फळ्यांचे अवशेष भक्तिभावाने जपलेले आहेत आणि आर्नोल्फो दी कांबियोने तेराव्या शतकाच्या अखेरीस घडवलेल्या गोठ्याच्या पाषाणमूर्ती आहेत, तेथे भाविकांची रीघ लागे. आराचेलीच्या मंदिरात लहान मुले व्यासपीठावर चढून बाळ येशूपुढे प्रवचन करीत. 'प्रेटेरिटा'तील रोमच्या प्रकरणाचा मात्र हा विषयच नाही. सेंट पीटर्सच्या अंतर्भागाने त्याची निराशा केली. प्राचीन फोरम म्हणजे त्याच्या लेखी मोडक्या खांबांचा एक पुंजका. रफाएलचे 'रूपांतर' त्याला रुचले नाही, मायकेलअँजेलोपुढे मात्र तो नमला. ओळखी झाल्या त्या कीट्सचा मित्र जोसेफ सेव्हर्न आणि चित्रकार जॉर्ज रिचमंड यांच्याशी, म्हणजे इंग्रजांशीच. रोमच्या मंदिरांत तो संगीत ऐकावयास जाई खरा, परंतु बरेचसे एका सुंदर इंग्रज कुमारिकेचे दुरून दर्शन व्हावे म्हणून, आणि हिवाळाभर तिच्याशी एक शब्दही बोलण्याची संधी त्याला लाभली नाही. हे तो स्वतःवर हसत सांगतो.

आमच्यातला धर्मगुरू येथे खट्टू होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण टीकाकाराने खट्टू होऊन चालत नाही. प्रश्न असा की, एवढी तीक्ष्ण नजर असलेल्या तरुणाला रोमचा नाताळ का दिसला नाही? भाषेची अडचण म्हणावी तर मिस्सा लॅटिनमध्ये होती आणि ऑक्सफर्डचा विद्यार्थी लॅटिन जाणत होता. अडचण आईच्या भीतीत होती असे आम्हांस वाटते. जिच्या धर्माच्या मुलीमुळे मुलगा खंगला, त्याच धर्माच्या राजधानीत त्याला ती घेऊन आली होती. त्याने हवा घ्यावी, चित्रे पाहावी, श्रद्धेच्या वाऱ्याला मात्र उभे राहू नये! आणि मुलगा आज्ञाधारक होता. त्या हिवाळ्यात त्याने काढलेले सांता मारिया देल पियांतो चौकाचे चित्र पाहावे. घरांवर वाळत घातलेली वस्त्रे, झिजलेल्या भिंती, सावल्या. रोममध्ये त्याला भावले ते हे. आमच्या मते त्या चित्रात त्याच्या रोमविषयीच्या सर्व पानांहून अधिक रोम आहे.

या प्रकरणाच्या कितीतरी आधी, पुस्तकाच्या आरंभीच, रस्किनने आपल्या बालपणाचा जमाखर्च मांडला आहे. जमेच्या बाजूला शांती, आज्ञाधारकता आणि विश्वास. घरात चढा आवाज त्याने ऐकला नाही, दिलेले वचन मोडलेले पाहिले नाही. खर्चाच्या बाजूला पहिलीच नोंद अशी की, प्रेम करावयास काही नव्हते. आईवडील सूर्यचंद्रासारखे होते, नसते तर अंधार झाला असता, पण सूर्यचंद्रावर कोणी माया करते काय? पुढे, सोसावयास काही नव्हते, चारचौघांत वागण्याची रीत कोणी शिकवली नाही, आणि डोळ्यांवरची झापडे कधी काढलीच नाहीत, त्यामुळे स्वतःच्या पायांनी चालण्याची शक्ती वाढली नाही.

हे पान कृतघ्नपणाचे आहे, असे म्हणणारे वाचक आम्हांला भेटले आहेत. आम्ही सहमत नाही. या पुस्तकाची प्रस्तावना १० मे १८८५ या दिवशी, वडिलांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, त्यांच्याच जुन्या घरात, स्वतःच्या बालपणीच्या खोलीत बसून लिहिलेली आहे, आणि ग्रंथ आईवडिलांच्या समाधीवर वाहिलेला आहे. मृतांवर फुले वाहताना खरे बोलू नये असा आपल्याकडे संकेत आहे. रस्किनने तो मोडला आणि फुलेही वाहिली. ऋण आणि तक्रार ही एकाच हाताने, एकाच शाईने लिहिता येतात, हे या पुस्तकाचे खरे यश आहे. त्याचे न्यून वेगळ्या ठिकाणी आहे. जे आठवून आनंद होत नाही ते वगळीन, अशी सवलत लेखकाने प्रस्तावनेतच घेतली. परिणामी १८४८ ते १८५४ हे त्याचे दुर्दैवी वैवाहिक जीवन या पुस्तकात नाहीच. आईवडिलांच्या झापडांची सर्वांत मोठी किंमत जिने मोजली त्या पत्नीला त्यात स्थान नसावे, हे आम्हांस गंभीर वैगुण्य वाटते.

१८४५ साली तो प्रथमच आईवडिलांवाचून इटलीला गेला. लुक्का येथे याकोपो देल्ला क्वेर्चाने घडवलेली इलारियाची समाधी, पिसाचे काम्पो सांतो, व्हेनिसमध्ये तिन्तोरेत्तो, हे सारे त्याला त्या एका वर्षात भेटले. घरी पत्र मात्र तो नित्यनेमाने लिहीत असे. १८५८ मध्ये तुरीनला व्हेरोनीजच्या चित्रापुढे आईची कडवी श्रद्धा गळून पडली. वडील १८६४ मध्ये गेले, आई १८७१ मध्ये. आणि १८७४ च्या उन्हाळ्यात हा माणूस असिसीच्या मंदिरात सॅक्रिस्टनच्या खोलीत मुक्काम करून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करीत बसला. धर्मनिष्ठ चित्रकार कलेत उणे असतात हे आपले जुने मत जॉत्तोने खोटे ठरवले, असे त्याने पुढे जाहीरपणे लिहिले. याच असिसीच्या वरच्या मंदिरात संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो येथे केलेल्या गोठ्याचे चित्र आहे. कॅथलिक तो झाला नाही. कार्डिनल मॅनिंग यांच्याशी स्नेह असूनही नाही. पण ज्या दारापुढून एकवीस वर्षांचा तरुण नुसता गेला होता, त्याच्या उंबऱ्यावर पंचावन्न वर्षांचा माणूस बसलेला आहे.

यापुढचा एक नाताळ 'प्रेटेरिटा'त नाही, तो 'फोर्स क्लाव्हिजेरा' या त्याच्या पत्रमालेत शोधावा लागतो. १८७६ च्या डिसेंबरात रस्किन व्हेनिसला एकटा होता. कार्पाच्चोने रंगवलेले संत उर्सुलाचे स्वप्न तो दिवसच्या दिवस बसून उतरवीत होता. जिच्यावर त्याने उतारवयात जीव लावला ती रोझ ला टूश आदल्या वर्षी वारली होती. नाताळच्या सुमारास कोणी एका ओळखीच्या बाईने त्याला फुलझाडाची कुंडी पाठवली. त्या चित्रातील खिडकीत आहे तेच फुलझाड ते, आणि संतेनेच ते धाडले असे त्याने मानले. वर्ष-सव्वा वर्षात त्याचे मन पहिल्यांदा ढासळले. त्या पत्राकडे भ्रम म्हणून पाहणारे पाहोत. आम्ही ते रोमच्या प्रकरणाशेजारी ठेवून वाचतो. तेथे आईवडील होते, नगर सजले होते आणि मुलाला मागावयाचे काही सुचत नव्हते. येथे कोणीच नाही, आणि म्हातारा माणूस एका कुंडीत कोणाची तरी माया शोधतो आहे.

'प्रेटेरिटा'चे शेवटचे प्रकरण १८८९ मध्ये, आजाराच्या दोन झटक्यांमधल्या उसंतीत लिहिले गेले. त्यानंतर मृत्यूपर्यंत, म्हणजे २० जानेवारी १९०० पर्यंत, त्याने ग्रंथ म्हणून काही लिहिले नाही. त्या शेवटच्या पानावर आई नाही, वडील नाहीत, घोडागाडीही नाही. सिएनाचे फोन्तेब्रान्दा कारंजे आहे, चार्ल्स नॉर्टन हा मित्र आहे, आणि वेशीबाहेरच्या अंधारात चमकणारे काजवे आहेत.